एक नंबर, दोन बहिणी: डुप्लिकेट कॉन्टॅक्ट मर्ज करण्याआधी हे वाचा

तुमच्या फोनमध्ये ‘पप्पा’ असं सर्च करून बघा. माझ्या फोनमध्ये चार निघाले. ‘पप्पा’, ‘पप्पा जिओ’, ‘पप्पा नवीन’ आणि ‘पप्पा १’. त्यातले दोन नंबर कधीचेच बंद आहेत, पण नेमके कोणते ते आठवत नाही म्हणून चारही तसेच ठेवलेत. फोन लावायचा असला की वरून एकेक ट्राय करतो.

घरच्या फोनमध्ये हे खपून जातं. पण हाच प्रकार हजारो लोकांच्या यादीत झाला तर? मागच्या उन्हाळ्यात एका कोचिंग क्लासची अशी यादी साफ करायचं काम माझ्याकडे आलं. क्लासच्या शाखा दोन, एक नांदेडला आणि एक लातूरला. मी नांदेडचा, कॉम्प्युटर इंजिनिअर, नोकरीत रोज डेटाबेसशीच खेळतो, त्यामुळे काम दोन दिवसांत उरकलं. आणि दहा दिवसांनी माझ्यामुळे एका मुलीची परीक्षा हुकली.

कशी, ते सांगतो. पण त्याआधी यादीबद्दल थोडं.

सीआरएम म्हणजे शेवटी नोंदवहीच

सीआरएम हे नाव भारी वाटतं, पण आहे ती ग्राहकांची नोंदवही. कोण आलं होतं, कुठल्या नंबरवरून फोन आला, काय विचारलं, परत कधी फोन करायचा, पैसे किती भरले, किती राहिले. क्लासमध्ये ग्राहक म्हणजे विद्यार्थी आणि त्यांचे पालक.

लातूर पॅटर्नबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. दहावीचा निकाल लागला की परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडचे पालकही लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या क्लासेसमध्ये चकरा मारायला लागतात. एकाच मुलाची एकाच क्लासमध्ये चार-चार वेळा चौकशी होते. आधी पोरगा इन्स्टावरची जाहिरात बघून फॉर्म भरतो. मग वडील फोन करतात. मग लातूरला राहणारा मामा स्वतः जाऊन माहितीपत्रक घेऊन येतो. शेवटी सगळे मिळून येतात, तेव्हा काउंटरवरच्या ताई पुन्हा नवीन नोंद करतात. झाल्या चार नोंदी. आता फोन करणाऱ्या चार जणींच्या यादीत हे नाव वेगवेगळं जातं आणि त्या पालकाला दिवसातून चार फोन येतात.

दोन्ही शाखांच्या एक्सेल फायली मिळून १८ हजारांच्या आसपास ओळी होत्या. सरांचं म्हणणं एका वाक्यात होतं, “दुबार नावं काढून टाक बाबा, पालक फोनवर शिव्या द्यायलेत.”

नंबर सोपा, नाव अवघड

फोन नंबरचा गोंधळ लवकर सुटतो. कुणी पुढे ‘+९१’ लावतं, कुणी शून्य, कुणी मधे स्पेस देतं. जुन्या नोंदींत लँडलाइनही सापडले, नांदेडचे ०२४६२ वाले आणि लातूरचे ०२३८२ वाले. त्यातल्या बऱ्याच नंबरांचं सुरुवातीचं शून्य एक्सेलनं गिळलेलं, कारण एक्सेलला तो नंबर नाही, संख्या वाटते. उपाय काय? आकडे सोडून बाकी सगळं काढायचं आणि शेवटचे दहा आकडे ठेवायचे. दोन ओळींचा कोड.

नावाचं तसं नाही. आपल्याकडे एका माणसाचं नाव किती प्रकारे लिहिलं जातं हे मला त्या एक्सेल बघेपर्यंत माहीतच नव्हतं म्हणा ना. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. फॉर्म भरणाऱ्यानं जे कागद समोर ठेवले त्याप्रमाणे नाव उलटं किंवा सुलटं. त्यात २०२४ मध्ये राज्य सरकारनं सरकारी कागदपत्रांवर आईचं नावही लावायचा निर्णय घेतला, म्हणजे पुढच्या काळात तीनच्या जागी चार शब्द येणार. आपल्या भागात मुस्लिम घरांमध्ये ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी लिहायची पद्धत आहे, मुलाच्या नावाआधीही शेख आणि वडिलांच्या नावाआधीही. सीआरएममध्ये मात्र ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ असे दोनच रकाने. मग फर्स्ट नेमच्या रकान्यात नुसतं ‘शेख’ असलेले कितीतरी विद्यार्थी. नांदेडच्या यादीत आडनावाच्या जागी ‘सिंग’ आणि ‘कौर’ भरपूर, तेही आय वापरून एकदा आणि डबल ई वापरून एकदा.

स्पेलिंगची तर मजाच आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत लिहिताना कुणी डी-एन-वाय नं सुरुवात करतं, कुणी जी-एन-वाय नं, कुणी जी-वाय नं. ‘वाघमारे’मधला व कुणाचा व्ही, कुणाचा डब्ल्यू. ‘सय्यद’ची किती स्पेलिंगं सापडली ते मोजायचं मी सोडून दिलं.

बरं, मराठीत टाइप केलं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. वकील असलेल्या एका पालकाची ‘ॲड.’ लावलेली नोंद दोनदा होती. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारख्या दिसत होत्या, पण कॉम्प्युटर म्हणत होता वेगळ्या आहेत. खोलात गेल्यावर कळलं की एका ठिकाणी ‘ॲ’ हे युनिकोडमधलं एक अक्षर होतं आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अ’ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे, मधे डोळ्याला न दिसणारं आणखी एक चिन्ह. आपल्याला एकच अक्षर, मशीनला तीन. तुमच्या फोनमध्ये मराठीत सेव्ह केलेलं नाव कधी कधी सर्चमध्ये सापडत नाही ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पिनकोडचीही एक गंमत. लातूर शहराचा ४१३५१२, नांदेडचा ४३१६०१. पहिले तीन आकडे बघा, ४१३ आणि ४३१. तेच आकडे, जागा बदललेली. घाईत टाइप करणारा माणूस किती सहज एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो!

मी काय केलं

नावावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही हे बघून मी एक नियम ठरवला. मोबाइल नंबर तोच, आडनाव तेच आणि नावात एखाद्या अक्षराचाच फरक, म्हणजे माणूस तोच. स्पेलिंगची चूक समजायची, दोन्ही नोंदी एक करायच्या. दोन नोंदींत माहिती वेगवेगळी असेल तर जी नोंद शेवटी अपडेट झाली तिची माहिती ठेवायची. चाळीसेक नोंदी नजरेखालून घातल्या, सगळ्या बरोबर वाटल्या, आणि स्क्रिप्ट चालवली. यादी १८ हजारांवरून बरीच खाली आली. सर खुश.

मुखेड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या दोन मुली त्या यादीत होत्या. थोरलीची बारावी झालेली, ती नीटच्या रिपीटर बॅचसाठी विचारत होती. धाकटी नुकतीच दहावी पास, तिला क्लासच्या स्कॉलरशिप टेस्टला बसायचं होतं. त्या टेस्टमध्ये चांगले मार्क पडले की फीमध्ये सूट मिळते, आणि या घराचा सगळा हिशोब त्या सुटीवर अवलंबून होता. दोघींच्या नावात एकाच अक्षराचा फरक. आडनाव अर्थातच एक, वडिलांचं नाव एक, गाव एक. आणि मोबाइल नंबर? घरात चालू नंबर एकच, वडिलांचा.

माझ्या स्क्रिप्टनं दोघींची एक मुलगी केली.

वडिलांनी थोरलीच्या हॉस्टेलबद्दल नंतर एकदा फोन केला होता, म्हणून तिची नोंद ताजी ठरली आणि धाकटीच्या नोंदीवर लिहिली गेली. इयत्तेच्या रकान्यात ‘दहावी पास’ जाऊन ‘बारावी पास’ आलं. टेस्टचे हॉल तिकीट ‘दहावी पास’ असा फिल्टर लावून व्हॉट्सॲपवर गेले. धाकटीचं गेलं नाही.

टेस्टच्या दुसऱ्या दिवशी वडिलांचा काउंटरवर फोन आला. ताईंनी नंतर मला जसं सांगितलं ते असं.

“मॅडम, आमच्या लहानीचं हॉल तिकीट आलंच नाही की.”

“तुमच्या मुलीची तर बारावी झाली ना काका?”

“ती मोठी. मी लहानीचं म्हणायलोय.”

“लहानीची नोंदच दिसत नाही काका.”

“असं कसं? मी स्वतः येऊन फॉर्म भरून गेलो की. तुम्हीच होतात काउंटरवर.”

ताईंना तो माणूस आठवत होता. कॉम्प्युटरला आठवत नव्हता. त्या दिवशी त्यांनी ज्या आवाजात मला फोन केला तो अजून कानात आहे.

रोहित आणि मोहित

नशीब एवढंच की मूळ एक्सेल फायली मी जपून ठेवल्या होत्या. सरांनी पुढच्या रविवारी त्या मुलीची वेगळी टेस्ट घेतली. पण त्यांचा पुढचा प्रश्न बरोबर होता, “अशा अजून किती आहेत?” रात्री बसून शोधलं. भावंडांच्या साठेक जोड्या मी एकत्र करून ठेवल्या होत्या.

चूक कुठे झाली ते नीट बघू, कारण ती फक्त माझी नाही. दोन शब्द किती जवळचे आहेत हे मोजायची एक प्रसिद्ध पद्धत आहे, सोव्हिएत गणिती व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं. ‘शिंदे’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एच राहिला तर अंतर १. पण ‘रोहित’चं ‘मोहित’ करायलाही अंतर १ च! आणि आपल्याकडे भावंडांची नावं मुद्दाम अशीच ठेवतात. जुळ्यांची तर हमखास. म्हणजे ज्या घरात नंबर, पत्ता, वडील सगळं सारखं, तिथेच नावंही सारखी, आणि स्क्रिप्टला वाटतं टायपिंगची चूक आहे.

उच्चारावरून जुळवायची पद्धत त्याहून जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये साउंडेक्सचं पेटंट घेतलं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर टाकून द्यायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. इंग्रजी आडनावांना ठीक आहे. आपला ज्ञानेश्वर मात्र पहिल्याच अक्षराला फुटतो, डी वाला वेगळा, जी वाला वेगळा.

खरी कामाची गोष्ट मला यानंतर वाचायला मिळाली. कॉलेजात कुणी शिकवली नव्हती, किंवा मी त्या दिवशी दांडी मारली असेल. कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर या दोघांनी १९६९ मध्ये नोंदी जुळवण्यावर एक पेपर लिहिला. त्यातल्या दोन कल्पना आजही सगळीकडे वापरतात.

पहिली, प्रत्येक जुळणीचं वजन सारखं नसतं. लातूरच्या यादीत दोन नोंदींत ‘पाटील’ जुळलं तर त्यातून काय कळलं? काहीच नाही. पण दोन्हीकडे एखादं अगदी दुर्मीळ आडनाव जुळलं तर ती बातमी आहे. तसंच न जुळण्याचंही वजन असतं. नाव एका अक्षरानं चुकणं ही छोटी गोष्ट, पण जन्मतारीख दोन वर्षांनी वेगळी असेल तर तो मोठा पुरावा आहे की माणसं वेगळी आहेत. माझ्या नियमात जन्मतारीख नव्हतीच! रकाना होता, मी बघितला नाही, कारण निम्म्या ओळींत तो रिकामा होता.

दुसरी कल्पना त्याहून साधी. उत्तरं ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोनच नसतात, तिसरं ‘सांगता येत नाही’ हेही असतं. त्या तिसऱ्या ढिगाचा निर्णय माणसानं बघून घ्यायचा. मी तो ढीगच ठेवला नव्हता.

जाता जाता एक आकडा. १८ हजार ओळींतली प्रत्येक ओळ दुसऱ्या प्रत्येक ओळीशी लावून बघायची म्हटलं तर १६ कोटींहून जास्त जोड्या होतात. म्हणून आधी छोटे गट पाडतात, उदाहरणार्थ एकाच तालुक्याचे एकत्र, आणि गटातल्या गटातच तुलना करतात.

नंबर म्हणजे माणूस नव्हे

हे सगळं मी परत बसवलं तेव्हा सर्वांत मोठा बदल गणितात नव्हताच. आधीच्या रचनेत विद्यार्थ्याच्या ओळीत मोबाइल नंबर हा एक रकाना होता. आता विद्यार्थी एका टेबलमध्ये, नंबर दुसऱ्या टेबलमध्ये, आणि मधे ‘हा नंबर कुणाचा’ ते लिहिलेलं. एका नंबराशी दोन बहिणी जोडलेल्या असू शकतात, एका मुलीशी वडील आणि मामा असे दोन नंबर असू शकतात. दुबार फोनांची तक्रारही यानं मिटते, कारण यादी नंबरावरून काढली की एका घरी एकच फोन जातो. म्हणजे सरांना जे हवं होतं त्यासाठी दोघींना एक करायची गरजच नव्हती.

नंबरावर फार विसंबू नका याचं आणखी एक कारण. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते, हे ट्रायनं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातही सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या चौकशीतला नंबर आज भलत्याच माणसाकडे असू शकतो. आणि गावाकडे तर वेगळाच प्रकार. ऑनलाइन फॉर्म नेट कॅफेवाल्याकडून भरून घेतात आणि तो ओटीपीसाठी स्वतःचा नंबर टाकतो. आमच्या यादीत असा एक नंबर निघाला ज्यावर तीस-चाळीस मुलं होती. असे नंबर वेगळे काढले नाहीत तर साखळी तयार होते. पहिली नोंद नंबरामुळे दुसरीशी जुळते, दुसरी नाव-गावामुळे तिसरीशी, आणि एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली पहिली आणि तिसरी एक होऊन जातात.

बाकी नियम थोडक्यात. पक्कं जुळलं तरच आपोआप मर्ज. मर्ज करताना जुन्या दोन्ही नोंदी जशाच्या तशा बाजूला ठेवायच्या, कोणी, कधी, कशाच्या आधारे मर्ज केलं ते लिहायचं, म्हणजे परत वेगळं करता येतं. हे तुमच्या सॉफ्टवेअरवर सोडू नका. हबस्पॉटमध्ये एकदा मर्ज केलेली नोंद परत सुटी करता येत नाही. ‘ताजी नोंद जिंकते’ हा नियम सगळ्या रकान्यांना लावायचा नाही. फोन नंबर ताजा घ्या, पण एका नोंदीत ‘आम्हाला फोन करू नका’ असं असेल तर ती जुनी असली तरी तीच राहिली पाहिजे.

यामागे कायदाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात म्हटलंय की तुमच्या माहितीवरून तुमच्याबद्दल निर्णय होणार असेल तर ती माहिती पूर्ण आणि अचूक ठेवायची जबाबदारी ती वापरणाऱ्याची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. हॉल तिकीट पाठवायचं की नाही हा निर्णयच आहे की.

‘दुबार’ हा शब्द तुम्ही अलीकडे आणखी एका ठिकाणी भरपूर ऐकला असेल, मतदार यादीत. त्या वादात मी पडत नाही. पण नोंदी सांभाळणारा माणूस म्हणून मला एक गोष्ट बघण्यासारखी वाटली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नगरपालिका निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगानं सांगितलं की संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे लावले जातील. नाव, लिंग, पत्ता, फोटो तपासायचे आणि त्या मतदाराकडून तो एकाच ठिकाणी मतदान करणार हे लिहून घ्यायचं. म्हणजे संशय आला म्हणून नाव उडवलं नाही, खूण केली. सारखं नाव असलेला दुसराच माणूस निघाला तर त्याचं मत वाचतं. फेलेगी-संटरचा तिसरा ढीग तो हाच.

तुमच्या फोनमध्ये

गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये ‘मर्ज अँड फिक्स’ म्हणून पर्याय असतो, आयफोनमध्ये २०२२ च्या आयओएस १६ पासून डुप्लिकेट कॉन्टॅक्ट फोन स्वतःच दाखवतो. दाबायच्या आधी तीन गोष्टी करा. सगळे कॉन्टॅक्ट एकदा एक्सपोर्ट करून फाइल ड्राइव्हवर ठेवा. मग बघा की खरंच दोन नोंदी आहेत की एकच कॉन्टॅक्ट सिम आणि गुगल अकाउंट अशा दोन ठिकाणांहून दिसतोय. नुसतं दिसण्याचं असेल तर सेटिंगमधून एकच अकाउंट दाखवा, मर्ज करायची गरज नाही. आणि ‘मर्ज ऑल’ दाबू नका. एकेक जोडी बघा. ‘गणेश’ नावाचे दोन कॉन्टॅक्ट म्हणजे एक तुमचा रूममेट आणि एक गावाकडचा लाइटवाला असू शकतो. चुकलंच तर कॉम्प्युटरवर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडून ‘अनडू चेंजेस’ करा, ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं.

क्लासच्या फॉर्मवर आता मोबाइल नंबरच्या खाली एक नवीन रकाना आहे, ‘हा नंबर कुणाचा?’ स्वतःचा, आईचा, वडिलांचा, इतर. ‘सांगता येत नाही’ या ढिगात तीनेकशे जोड्या पडल्या होत्या. काउंटरवरच्या ताई दुपारी गर्दी कमी असली की रोज दहा-बारा घरी फोन लावून विचारतात. मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला, अजून नव्वद राहिल्यात.